आवाज आहे, चित्र नाही

पत्र : बार्शीहून लिहिते आहे. सव्वा वर्षापूर्वी भिशीचा नंबर लागला, त्या पैशांत ऑनलाइन सेलमधून ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला, १७ हजारांना. कंपनी फारशी नावाजलेली नाही. अकराव्या महिन्यात खालच्या कोपऱ्यात जांभळट डाग दिसायला लागला. कस्टमर केअरला फोटो पाठवला, तक्रार नंबरही मिळाला, पण ‘हे नॉर्मल आहे’ म्हणून त्यांनी तक्रार बंद केली. आता महिनाभर नुसता आवाज येतो, चित्र येत नाही. कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटांत म्हणाला, पॅनल गेला, साडेतेरा हजार लागतील, वॉरंटी संपली आहे. गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, अठ्ठावीसशेत करून देतो. आमचे हे म्हणतात, भंगारात घाल, हप्त्यावर नवीन आणू. मोठे दीर येता-जाता ऐकवतात की स्वस्तातलं घेतलं की असंच होणार. टीव्ही घ्यायचा हट्ट माझा होता, त्यामुळे मी गप्प बसते. सासूबाई कीर्तन बघायला शेजारी जातात, ते बघवत नाही. बंद पडायच्या आधीसुद्धा टीव्ही फार रखडत चालायचा. काय करावं?

उत्तर :

ताई, आधी दिरांच्या बोलण्याचं बघू, कारण पत्रात सगळ्यात जास्त तेच लागलेलं दिसतं. १७ हजारांत ४३ इंची टीव्ही घेणं यात काहीही चुकीचं नाही. पडद्याची काच बनवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत, बरेचसे चीन आणि तैवानमध्ये, आणि स्वस्त-महाग दोन्ही कंपन्या काच त्यांच्याकडूनच घेतात. स्वस्त टीव्हीत काटकसर होते ती काचेच्या मागे : दिव्यांत, पॉवर सप्लायमध्ये, स्पीकरमध्ये, मेमरीत. म्हणून बिघडतंही बहुतेकदा तेच, आणि त्यातलं पुष्कळसं दुरुस्त होतं. तुम्ही पैसे पाण्यात घातलेले नाहीत. तुमच्या पत्रातली लक्षणं वाचून मला तर वाटतं की तुमचा पडदा शाबूत आहे.

याची खात्री आज रात्री घरीच करता येईल. खोलीतले सगळे दिवे मालवा. टीव्ही सुरू करा, आवाज येऊ द्या. मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका धरा आणि रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. टॉर्चच्या उजेडात मेनूची अक्षरं किंवा माणसांच्या हालत्या आकृत्या पुसट, राखाडी दिसतात का ते नीट बघा. टॉर्च दोन-चार ठिकाणी फिरवून बघा, कारण पहिल्या झटक्यात ते डोळ्याला सापडत नाही. आकृत्या दिसल्या तर काच, मदरबोर्ड आणि त्या दोघांच्या मधला, चित्र काचेवर मांडणारा टी-कॉन बोर्ड, तिन्ही काम करताहेत. चित्र तयार होतंय, फक्त त्याच्यामागे उजेड नाही. दुसऱ्या कोणाला मोबाइलवर याचा व्हिडिओ काढायला सांगा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्याची काच स्वतः उजळत नाही. काचेच्या मागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात, मेकॅनिक त्यांना बॅकलाइटच्या स्ट्रिपा म्हणतात. हे दिवे एकामागे एक जोडलेले असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे : त्यातला एक जळाला की त्याच्या ओळीतले सगळे विझतात, आणि बिघाड ओळखून दिवे चालवणारं सर्किट बहुधा बाकीच्या ओळीही बंद करतं. म्हणून दहा रुपयांचा एक दिवा गेला तरी अख्खा पडदा काळा होतो. काही टीव्ही सुरू करताना क्षणभर उजळतात आणि लगेच अंधारतात, तेही याच कारणाने.

तुमचा जांभळट डाग ही त्याचीच आधीची पायरी होती. पांढरा दिसणारा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो, दोन्ही मिळून पांढरा उजेड पडतो. दिवा सतत तापत राहिला की तो थर करपतो आणि आतला निळा-जांभळा उजेड बाहेर यायला लागतो. त्यानंतर काही महिन्यांत दिवाच जाऊ शकतो. स्वस्त टीव्हीत दिवे कमी बसवतात, प्रत्येकावर मोठी भिंगं लावून उजेड पसरवतात आणि त्यांच्यातून करंट जास्त सोडतात. त्यात सोलापूर भागातला चाळिशीपार उन्हाळा. तुमच्याकडून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. आणि ‘हे नॉर्मल आहे’ म्हणणाऱ्या कस्टमर केअरने तुमची सरळ दिशाभूल केली. याचा मला मनापासून राग आला, कारण तो डाग वॉरंटीत असताना दिसला होता आणि तेव्हाच दिवे बदलून मिळायला हवे होते.

म्हणून माझं म्हणणं, लगेच मेकॅनिकला टीव्ही उघडायला देऊ नका. आधी कंपनीशी लढा. एकदा बाहेरच्या माणसाने झाकण काढलं की ‘सील तुटलं आहे’ म्हणायला कंपनी मोकळी होते. तुमच्याकडे दोन भक्कम गोष्टी आहेत : डागाचा फोटो आणि वॉरंटीच्या मुदतीतला तक्रार नंबर. तो मेसेज, तो फोटो, टॉर्चचा व्हिडिओ आणि बिल एकत्र करा. बिल हरवलं असेल तर ज्या ॲपवरून घेतलं तिथे जुन्या ऑर्डरमध्ये अजून मिळेल. मग कंपनीला ई-मेल करा. चार ओळी पुरेत : अमुक तारखेला वॉरंटीत तक्रार केली, दोष दुरुस्त न करता ती बंद केली, तोच दोष वाढून आज टीव्ही बंद आहे, पंधरा दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्या. त्याची प्रत ज्या वेबसाइटवरून घेतलं तिच्या तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार असा अधिकारी नेमणं त्यांना बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकालात काढायची असते.

त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या नंबरवर, फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ही हेल्पलाइन न्यायालय नाही, हुकूम देऊ शकत नाही, पण ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. कस्टमर केअरला महिनोन्‌महिने न सापडणारा अधिकारी अशा वेळी अचानक फोन करतो, हे मी बऱ्याच वाचकांच्या बाबतीत पाहिलं आहे. तरीही हलले नाहीत तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, कंपनी दिल्लीची असो की बंगळूरची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे.

पण तुमच्या घरात टीव्ही बंद आहे आणि सासूबाईंना शेजारी जावं लागतंय, हेही खरंच आहे. आयोगाच्या निकालापर्यंत कोणी थांबायचं? तेव्हा पंधरा दिवस वाट बघा. कंपनीने दाद दिली तर उत्तम. नाहीच दिली, तर अठ्ठावीसशे देऊन टीव्ही दुरुस्त करून घ्या. त्याचं बिल घ्या, जळालेल्या स्ट्रिपा मेकॅनिककडून मागून पिशवीत बांधून ठेवा, आणि तो खर्च तक्रारीत भरपाई म्हणून मागा. तक्रार आणि टीव्ही दोन्ही चालू राहतील.

साडेतेरा हजार मात्र कुठल्याही परिस्थितीत देऊ नका. कंपनीचा माणूस मुद्दाम खोटं बोलला असंच म्हणता येत नाही. बऱ्याच कंपन्या सुटे दिवे पुरवतच नाहीत, काच, तिच्यामागचे थर, दिवे असा अख्खा संच ‘पॅनल’ म्हणून बदलतात, आणि त्याला तेच शिकवलेलं असतं. पण १७ हजारांच्या टीव्हीला साडेतेरा हजारांचा पॅनल टाकण्यात अर्थ नाही. माझा हिशेब साधा आहे : दुरुस्ती नव्या टीव्हीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेली की थांबायचं. अठ्ठावीसशे त्याच्या पुष्कळ आत आहेत, आणि ४३ इंची टीव्हीच्या सगळ्या स्ट्रिपा, मजुरीसकट, हा दर मला रास्त वाटतो.

आता मेकॅनिकबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण या दुरुस्तीत जोखीम आहे ती माणसाच्या हातात. दिवे काचेच्या मागे असल्याने काच आधी उतरवावी लागते. बाहेरची पट्टी निघाली की ती काच किती पातळ असते ते दिसतं. तिच्या कडेला तपकिरी फितीसारख्या नाजूक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांतूनच चित्र काचेत जातं. काच उचलताना थोडी मुरगळली की चर्र आवाज होतो आणि टीव्ही खरोखरच भंगारात जातो. त्याच्याखाली पातळ फिल्मचे दोन-तीन थर, मग एक जाड दुधी प्लास्टिकचा पत्रा, आणि सगळ्यात तळाला पांढऱ्या कागदावर ओळीने भिंगं लावलेल्या स्ट्रिपा. जळालेला दिवा साध्या डोळ्यांनी ओळखता येतो : पिवळ्या ठिपक्याच्या मधोमध काळा डाग. थरांचा क्रम चुकला, एखादी फिल्म उलटी बसली, बोटाचा ठसा किंवा धुळीचा कण आत राहिला तर दुरुस्तीनंतर तो पडद्यावर कायमचा दिसत राहतो.

तेव्हा त्या मेकॅनिकच्या दुकानात एकदा जाऊन या. टेबल मोठं आणि सपाट आहे का, काच उचलायला दोघं असतात की हा एकटाच उचलतो, काचेला लावायचे सक्शन कप आहेत का, हातमोजे घालतो का, ते बघा. काच फुटली तर जबाबदारी कोणाची, हे काम सुरू व्हायच्या आधी विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही. काय करणार ते सांगतो आणि धोका आहे तो आहे असं कबूल करतो. एकच जळालेला दिवा बदलून कमी पैशांत करतो म्हणाला तर नको म्हणा. बाकीचे दिवे तेवढेच चाललेले, तेवढेच करपलेले असतात. दोन-तीन महिन्यांत दुसरा जातो, शिवाय नव्या-जुन्या दिव्यांचा उजेड सारखा पडत नाही. सगळ्या स्ट्रिपा बदलायला सांगा, आणि जुन्यांशी जुळणाऱ्याच टाकायला सांगा. या स्ट्रिपा तीन व्होल्टच्या आणि सहा व्होल्टच्या अशा वेगवेगळ्या येतात, अदलाबदल चालत नाही. दिव्यांना जाणारा करंट थोडा कमी करून देता येईल का, हेही विचारा. जाणकार मेकॅनिक बोर्डावरचा एक रेझिस्टर बदलून ते करून देतात. उजेड किंचित कमी होतो, दिव्यांचं आयुष्य चांगलं वाढतं. निदान तीन महिन्यांची गॅरंटी बिलावर लिहून घ्या.

घरी कोणी हौसेने झाकण उघडायला बसलं तर मात्र थांबवा. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहू शकतो.

टीव्ही सुरू होऊन घरी आला की पहिलं काम सेटिंगचं. नवा टीव्ही बहुधा ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर येतो, म्हणजे दुकानाच्या झगझगाटात उठून दिसावा म्हणून दिवे पूर्ण शंभरावर. घरात त्याची काही गरज नसते. पिक्चर मोड ‘स्टँडर्ड’ करा, मग ‘बॅकलाइट’ नावाचं वेगळं सेटिंग शोधा आणि ते पन्नास-साठवर आणा. नुसतं ‘ब्राइटनेस’ कमी करून भागत नाही. बऱ्याच टीव्हींत त्याने काळा रंग कमी-जास्त काळा होतो, दिवे तेवढेच पेटत राहतात. पहिले दोन दिवस घरच्यांना चित्र मंद वाटेल, मग डोळ्यांना सवय होते. टीव्ही कोनाड्यात बसवला असेल तर वर आणि मागे हवा खेळायला चार बोटं तरी जागा ठेवा. देवघराचा दिवा, गॅसची वाफ किंवा पश्चिमेच्या खिडकीचं ऊन त्याच्या अंगावर येऊ देऊ नका. पाठ कोमट लागली तर ठीक, चटका बसायला नको.

विजेचं सांगते. टीव्हीच्या पाठीमागच्या पट्टीवर व्होल्टेजची मर्यादा छापलेली असते. बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंत स्वतः सांभाळून घेतात, त्यामुळे कमी दाबासाठी जुन्या डब्ब्या टीव्हीचा स्टॅबिलायझर लावण्याची गरज नाही. मारतो तो अचानक वाढलेला दाब. डीपीजवळ किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की घरात २३०च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, आणि त्या एका झटक्यात गल्लीतले टीव्ही, फ्रिज, पंख्यांचे रेग्युलेटर जातात. घरातले बल्ब एकाएकी भगभगीत पेटले तर आधी मेन स्विच पाडा, मग महावितरणला फोन करा. विजेच्या क्षणभराच्या उसळ्या अडवायला चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा, पण घराचं अर्थिंग नीट नसेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, ते वायरमनकडून एकदा तपासून घ्या. वळवाच्या पावसात वीज कडकडायला लागली की रिमोटने बंद करून भागत नाही. प्लग काढायचा आणि डिशची केबलही काढायची, कारण छतावरच्या डिशवरून आलेला झटका त्याच वायरने बोर्डापर्यंत येतो.

पडदा पुसताना त्यावर काच पुसायचं औषध किंवा पाणी फवारू नका. थेंब ओघळून खालच्या पट्टीत शिरतात, तिथे त्या तपकिरी फिती असतात, आणि मग उभ्या रेघा येतात. टीव्ही बंद करून गार होऊ द्या, चष्म्याचं असतं तसलं मऊ मायक्रोफायबरचं कापड किंचित ओलं करून हलक्या हाताने फिरवा.

रखडण्याबद्दल. या किमतीच्या टीव्हीत बहुधा एक जीबी रॅम आणि आठ जीबी स्टोरेज असतं, त्यातलंही बरंचसं टीव्हीची स्वतःची प्रणाली खाते. न लागणारी ॲप काढून टाका, उरलेल्यांचा कॅशे, म्हणजे साठून राहिलेला तात्पुरता डेटा, साफ करा, आठवड्यातून एकदा प्लग काढून मिनिटभराने लावा. इतकं करून फरक पडला नाही तर एक फॅक्टरी रीसेट करा, पासवर्ड आधी लिहून ठेवून. तरीही रखडत असेल तर टीव्हीच्या स्मार्टपणावर खर्च करू नका. एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक दोन-चार हजारांत येते. टीव्ही फक्त पडद्याचं काम करतो, बाकी सगळं ती करते, आणि उद्या टीव्ही बदलला तरी ती कामाला येते. सासूबाईंना तिचा रिमोटही सोपा जाईल, मोजकीच बटणं असतात.

आता टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही तर काय? तर दोष टी-कॉन, मदरबोर्ड किंवा खुद्द काचेत असू शकतो. टी-कॉन आणि मदरबोर्ड बदलता येतात, हजार-दोन हजारांपासून पुढे, आणि तेही तुमच्या हिशेबात बसेल. काचेतच दोष निघाला, किंवा पुढेमागे कधी रंगीत उभ्या रेघा आल्या, तर त्या काढायला ‘बाँडिंग’, म्हणजे त्या तपकिरी फिती काचेला पुन्हा चिकटवण्याचं काम, मोठ्या शहरांत मशिनवर करतात. पण स्वस्त टीव्हीवर तो खर्च करावा असं मला वाटत नाही, बऱ्याचदा रेघा परत येतात. तेव्हा मात्र तुमच्या ह्यांचं ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे नव्यावरचा कर आता कमी आहे; तरी शक्यतो हप्ते न लावता पुढच्या भिशीची वाट बघा. घेताना ऑर्डर देण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस नंबरला फोन करून बार्शीचा पिनकोड सांगा आणि माणूस कुठून येणार ते विचारा. पुण्याहून येणार असेल तर ती कंपनी सोडून द्या. मागच्या पट्टीवर बीआयएसचा शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा आहे का बघा. जास्तीची पॅनल वॉरंटी देतात तिच्यात बॅकलाइट धरलेला आहे का, हे विचारा आणि उत्तर मेसेजवर लेखी घ्या. जुना टीव्ही कचऱ्याच्या गाडीत किंवा पत्रा-तांबं काढून बाकीचं जाळणाऱ्याकडे देऊ नका. एक्स्चेंजमध्ये द्या, नाहीतर त्याच मेकॅनिकला विचारा. चांगला पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड त्याला दुसऱ्या कोणाच्या टीव्हीसाठी हवाच असतो, चारशे-पाचशे रुपये तो आनंदाने देईल.